गिटारच्या किमतीच्या चिठ्ठीवर स्केल लेंग्थही लिहा

प्रति,
मा. संपादक,

विषय : इलेक्ट्रिक गिटारची स्केल लेंग्थ आणि तिचा वादनावर व नादावर होणारा परिणाम

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारच्या खरेदीविषयी आलेला लेख मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना वाचून दाखवला. लाकूड, पिकअप, ॲम्प्लिफायर, नवी घ्यावी की वापरलेली, अशा बहुतेक गोष्टींचा त्यात नीट परामर्श घेतला आहे आणि मराठीत या विषयावर इतके सविस्तर लिहून येते याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र गिटार हाताला बसणार की नाही हे ज्या मापावरून सर्वांत आधी ठरते, त्या स्केल लेंग्थचा त्यात उल्लेखही नाही. हे एका लेखापुरते नाही. आमच्या सिंधुदुर्गात आणि शेजारच्या रत्नागिरीत मी ज्या दुकानांत जातो, तिथे गिटारला बांधलेल्या चिठ्ठीवर किंमत असते, मॉडेलचे नाव असते, क्वचित लाकडाचे नावही असते. हे माप मात्र नसते आणि विचारले तर पुष्कळदा सांगताही येत नाही. मुंबईहून किंवा ऑनलाइन गिटार मागवणाऱ्या पालकांची तर आणखी पंचाईत होते, कारण त्यांना ती हातात धरूनही पाहता येत नाही. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

स्केल लेंग्थ म्हणजे मोकळी तार छेडल्यावर तिचा जेवढा भाग कंप पावतो, त्याची आखणीतील लांबी. गिटारच्या मानेला नेक म्हणतात. तिच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट, आणि नेकवरच्या फळीत, म्हणजे फ्रेटबोर्डात, आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या म्हणजे फ्रेट. स्केल लेंग्थ मोजण्याची खात्रीची रीत अशी, की नटच्या फ्रेटबोर्डाकडील कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याची दुप्पट करावी. थेट ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथपर्यंत, मोजू नये, कारण फ्रेटवर दाबल्याने तार किंचित ताणली जाऊन स्वर चढतो आणि तो चढ भरून काढण्यासाठी ब्रिजवरील सॅडल, म्हणजे तारांखालचे टेकू, थोडी मागे सरकवलेली असतात, जाड तारांची अधिक. फेंडरच्या टेलिकास्टर आणि १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे माप २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर आहे. गिब्सनच्या १९५२ पासूनच्या लेस पॉलचे माप २४.७५ इंच सांगतात, प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून किंचित कमी भरते. पॉल रीड स्मिथच्या बहुतेक गिटार २५ इंचांच्या आहेत. फेंडरचीच १९६२ ची जॅग्वार २४ इंचांची आहे. म्हणजे ज्या सगळ्या गिटारना आपण सरसकट 'फुल साइज' म्हणतो, त्यांच्यातही दीड इंचाचा फरक आहे.

दीड इंच ऐकायला फार वाटत नाही. परंतु हा फरक सगळ्या फ्रेटांमध्ये वाटला जातो आणि त्यातला मोठा वाटा नटजवळच्या फ्रेटांना येतो, जिथे नवशिक्या विद्यार्थ्याचा सगळा दिवस जातो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर २५.५ इंचांच्या गिटारवर सुमारे ९७ मिलिमीटर असते, २४.७५ इंचांवर ९४ आणि २४ इंचांवर ९२ च्या आत. तर्जनी पहिल्या फ्रेटवर ठेवून करंगळी चौथ्यावर न्यायची असते, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा हात पाहावा. करंगळी फ्रेटला खेटून पडण्याऐवजी त्याच्या बरीच मागे पडते, मग स्वर स्वच्छ यावा म्हणून ती अधिक जोर लावते, मनगट बाहेर वळते, अंगठा नेकच्या मागून वर सरकतो आणि इतके करूनही तार खरखरतेच. शिकवणारा म्हणतो, सराव कमी पडतो आहे. पुष्कळदा सराव कमी नसतो, पाच मिलिमीटर जास्त असतात. याउलट बाराव्या फ्रेटच्या पुढे घरे अरुंद होत जातात. विसावा आणि एकविसावा फ्रेट यांच्यात २५.५ इंचांवर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर जागा उरते आणि २४ इंचांवर अकराहूनही कमी. ज्याची बोटे जाड आहेत आणि ज्याला वरच्या पट्टीत सोलो वाजवायचे आहेत, त्याला लांब मापच सोयीचे. एकच माप सर्वांना चांगले असे त्यामुळे म्हणता येत नाही.

आता ताणाविषयी. तारेची लांबी, ताण, वजन आणि स्वर यांचा परस्परसंबंध सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मारीन मर्सेन याने मांडला. त्याचा आपल्याला लागणारा अर्थ एवढाच, की तार तीच आणि स्वरही तोच ठेवायचा असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २४.७५ वरून २५.५ वर गेलो की लांबी तीन टक्के वाढते आणि ताण सहा टक्के. २४ वरून २५.५ वर गेलो तर ताण जवळजवळ तेरा टक्के. आपल्याकडील वाद्य बनवणाऱ्यांना हे हिशेब न मांडताही ठाऊक होते. मिरजेत पुरुषांच्या आवाजासाठीचा तंबोरा मोठा आणि लांब तारेचा बनतो आणि बायकी तंबोरा आखूड तारेचा, कारण तो वरच्या पट्टीत लागायचा असतो. गिटारमध्ये फरक इतकाच, की इथे स्वर तोच ठेवून लांबी बदललेली असते, म्हणून सगळा परिणाम ताणावर आणि पर्यायाने बोटांवर येतो.

याच ठिकाणी दुकानात मोठी गफलत होते. एक मुलगा स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची गिटार वाजवून पाहतो, मग लेस पॉल पद्धतीची, आणि सांगतो की लेस पॉलच्या तारा कडक लागल्या. पुस्तकी नियमाने उलटे व्हायला हवे होते. पण फेंडरच्या अनेक गिटार कारखान्यातूनच नवाच्या सेटसह, म्हणजे पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असलेल्या तारांसह, निघतात आणि गिब्सनच्या दहाच्या. दहाच्या सेटमधील पहिल्या तारेवर २५.५ इंचांच्या गिटारमध्ये सुमारे ७.३ किलो ताण असतो, २४.७५ वर ६.९ आणि २४ वर ६.५. नवाची तार मात्र २५.५ वरही ६ किलोच्या आसपासच राहते. म्हणजे आखूड गिटारवर दहाचा सेट आणि लांब गिटारवर नवाचा सेट असेल, तर आखूड गिटारच कडक लागणार, आणि तीही चांगली पंधरा टक्क्यांनी. तारांची जाडी विचारल्याशिवाय दोन गिटारच्या हाताळणीची तुलना करणे व्यर्थ आहे. दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की गिऱ्हाइकाला दोन मापांच्या गिटार दाखवायच्या असतील, तर निदान दोन्हींवर एकाच जाडीच्या तारा चढवून ठेवाव्यात.

ज्यांच्या घरी २५.५ इंचांची गिटार आणि कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, आहे, त्यांना हा फरक खर्च न करता स्वतः अनुभवता येतो. सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा. आता मोकळ्या तारांचे स्वर पुन्हा नेहमीचेच झाले, पण तारेची लांबी २४.०७ इंच उरली; म्हणजे जॅग्वारच्या मापाची गिटार घरच्या घरी तयार झाली. फ्रेटांची घरे तितकीच जवळ, ताण तितकाच कमी. मी हा प्रयोग वर्गात नेहमी करून दाखवतो. कॅपो लावल्यावर विद्यार्थ्याला आधी ओळखीचाच एफचा बार कॉर्ड धरायला सांगतो, म्हणजे कॅपोच्या पुढच्या घरात. तर्जनीखाली सहाच्या सहा तारा सहज दबल्या, की त्याच्या चेहऱ्यावरून कळतेच. मग कॅपो काढून, तारा मूळ स्वरात आणून तोच कॉर्ड पुन्हा धरायला सांगतो. बोलून समजावण्याची गरज उरत नाही. काहींना दुसऱ्या वेळेचा कडकपणाच आवडतो, कारण जोराने स्ट्रमिंग करताना तार डगमगत नाही, हेही सांगायला हवे.

तार बाजूला ओढून स्वर चढवण्याच्या बाबतीत, म्हणजे बेंडमध्ये, लांब मापावर दुहेरी मेहनत पडते. तार मुळात अधिक ताणलेली असल्याने ती ओढायला जोर अधिक लागतो आणि पूर्ण स्वर चढेपर्यंत ती थोडी दूरही न्यावी लागते. ब्लूजच्या अंगाने वाजवणाऱ्या अनेकांना आखूड माप प्रिय असते ते यामुळेच. लांब मापाच्या बाजूने सांगायचे तर ताठ तारेचा कंप आटोपशीर असतो, त्यामुळे ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची, थोडी खाली ठेवली तरी तार फ्रेटवर आपटत नाही.

कोकणातल्या वादकाला एक गोष्ट इतर कुणापेक्षा जास्त भेडसावते आणि तिचा उल्लेख कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात आणि भजनाच्या साथीला बसणाऱ्या गिटारवाल्याला गायकाची पट्टी सांभाळावी लागते. गायक काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पच्या पट्टीत, गाणार असेल, तर गिटारवर तो षड्ज धरून मोकळ्या तारांचे सोपे कॉर्ड मिळत नाहीत. म्हणून पुष्कळजण सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवतात आणि डीच्या आकाराचा कॉर्ड धरतात, तो काळी एकमध्ये वाजतो. युक्ती उत्तम आहे. पण अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांनी घटतो, आणि गिटार मुळातच आखूड मापाची असेल तर जाड सहावी तार इतकी ढिली पडते, की जोराने छेडल्यावर सुरुवातीचा स्वर चढा येतो आणि मग खाली बसतो. मृदंगाच्या ठेक्यावर जोरात स्ट्रमिंग चालू असताना हा चढा स्वर पेटीशी भांडतो आणि सगळे म्हणतात, गिटार बेसूर आहे. गिटार बेसूर नसते, तार ढिली असते. अशा वादकाने २५.५ इंचांची गिटार घ्यावी किंवा आखूड गिटारवर एक पायरी जाड सेट लावावा. अर्धा स्वर उतरवून आणि जाड तारा लावून वाजवण्याबद्दल अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन प्रसिद्ध होता आणि त्याच्या हातात स्ट्रॅटोकास्टर असे. या जोडीमागे हाच हिशेब आहे.

आता नादाविषयी, जिथे सर्वाधिक सैल बोलले जाते. लांब माप म्हणजे चकचकीत आवाज आणि आखूड माप म्हणजे गोड, जाडसर आवाज, असे सूत्र मुले पाठ करून येतात. त्यात तथ्य आहे, पण ते सांगतात तितके नाही. स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल यांच्या आवाजातील सर्वांत मोठा फरक पिकअपचा, म्हणजे तारेचा कंप विजेच्या संदेशात बदलणाऱ्या चुंबकीय भागाचा, आहे. एकीकडे एकाच वेटोळ्याचे सिंगल कॉइल असते, दुसरीकडे १९५५ साली सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी घडवलेला दोन वेटोळ्यांचा हमबकर. नेकचा जोड, ब्रिजची रचना, लाकूड हे सगळे त्याशिवाय. अशा दोन गिटार शेजारी ठेवून ऐकलेला फरक सगळाच्या सगळा पाऊण इंचाच्या नावावर मांडणे मला पटत नाही.

स्केल लेंग्थचा स्वतःचा वाटा जिथे खरोखर ऐकू येतो, ती जागा म्हणजे जाड, खर्जाच्या तारा. कोणतीही पोलादी तार पूर्ण लवचीक नसते. तिला अंगचा ताठरपणा असतो आणि त्यामुळे तिचे वरचे अंशस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर, जिथे असायला हवेत त्याहून किंचित चढे लागतात. तार जाड आणि आखूड असेल तर हा दोष वाढतो. तीच तार, तोच स्वर ठेवून लांबी वाढवली, तर तो लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून २५.५ इंचांच्या तुलनेत २४ इंचांवर तो सुमारे सव्वा पट असतो. पहिल्या तारेवर कानाला हे जाणवणार नाही. सहाव्या तारेवर, विशेषतः डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारा परिणाम, लावून कॉर्ड वाजवताना, लांब मापाच्या गिटारमध्ये प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो आणि आखूडमध्ये ते एकमेकांत मिसळतात. हे मिसळणे काहींना हवेच असते. १९५१ साली आलेल्या फेंडरच्या प्रिसिजन बासचे माप ३४ इंच ठेवले गेले आणि खालच्या पट्टीत लागणाऱ्या बॅरिटोन गिटार २७ इंचांच्या पुढे जातात, यामागे हेच कारण आहे. जाड तारांना लांब आणि बारीक तारांना आखूड माप देण्यासाठी तिरके फ्रेट बसवण्याची पद्धतही आहे. राल्फ नोव्हाक यांना तिचे पेटंट १९८९ मध्ये मिळाले.

नादाची तुलना करताना आपल्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. मालवण, वेंगुर्ले, देवगड यांसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावांत निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची चमक फार टिकत नाही. गंज दिसायला लागण्याच्या आधीच आवाज मंद झालेला असतो. दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारचा मंद आवाज तिच्या मापामुळे आहे की जुन्या तारांमुळे, हे नव्या तारा चढवल्याशिवाय सांगता येणार नाही. पावसाळ्यात गिटार बिघडली की काहीजण मापच बदलले असे समजतात. तसे होत नाही. लाकूड दमटपणाने फुगते ते मुख्यतः आडव्या अंगाने, रेषांच्या दिशेने अगदी नाममात्र. म्हणून नेकचा बाक बदलतो, तारा वर जातात किंवा फ्रेटवर टेकतात आणि नेकच्या आतल्या सळईला, म्हणजे ट्रस रॉडला, थोडी फिरकी द्यावी लागते, पण नट आणि बाराव्या फ्रेटमधले अंतर आषाढातही तेच राहते. फ्रेट एकदा ज्या मापाने बसले, ते कायमचे.

म्हणूनच ती आखणी फार जपून करावी लागते. जुन्या काळी गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी सुचवलेला अठराचा नियम चाले. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेऊन पुढचा फ्रेट बसवायचा. आज अठराऐवजी १७.८१७ ने भागतात. अठराने भागले तर २५.५ इंचांच्या गिटारवर बारावा फ्रेट मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरहून थोडा अधिक चुकतो. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकूड घडवणारे हात आहेत आणि त्यांतल्या कुणा तरुणाला गिटार बनवावीशी वाटली तर मला फार आनंद होईल. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसोबत घरी बनवायला घेतलेली गिटार पुढे जगभर गाजली. तिचे माप २४ इंच आहे.

या २४ इंचांवरून शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आखूड मापाची गिटार म्हणजे मुलांचे खेळणे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो पसरायला कारणही आहे. फेंडरच्या १९५६ च्या ड्युओ-सोनिकसारख्या २२.५ इंचांच्या गिटार विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच विकल्या गेल्या. पण निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनने जॅग्वार आणि मस्टँग या दोन्ही २४ इंचांच्या गिटार मोठमोठ्या मंचांवर वाजवल्या आणि त्यांत कुणाला काही उणे वाटले नाही. लहान हाताच्या मुलीला, किंवा चाळिशीनंतर शिकू लागलेल्या आणि बोटांचे सांधे दुखणाऱ्या गृहस्थाला, 'मोठी घ्या, पुढे उपयोगी पडेल' असा सल्ला दुकानात दिला जातो, तेव्हा त्यांच्या शिकण्याचे पहिले वर्ष आपण अवघड करून ठेवतो. 'थ्री-फोर्थ' या शिक्क्यावरही विसंबू नये. ६५० मिलिमीटरच्या क्लासिकल गिटारचा पाऊण भाग ४८७ भरतो, तर थ्री-फोर्थ म्हणून विकली जाणारी गिटार बहुधा ५८० च्या आसपास असते. तो शिक्का माप सांगत नाही, फक्त गट सांगतो.

संपादक महोदय, आपल्या मार्फत माझ्या दोन मागण्या आहेत. कोकणातील वाद्यविक्रेत्यांनी प्रत्येक गिटारच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी स्केल लेंग्थ आणि चढवलेल्या तारांची जाडी लिहावी. त्याला एक मापपट्टी आणि दोन मिनिटे पुरतात. आणि आपल्या पुरवणीत त्या लेखाला जोड म्हणून हे माप घेण्याची रीत आकृतीसह छापावी, म्हणजे ऑनलाइन गिटार मागवणारे पालक विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारू शकतील आणि गिटार घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, ती स्वतः मोजून पाहू शकतील.

आपला विश्वासू,
एक गिटारशिक्षक, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग